तिफण आणि आपली मुले
(पिशोर येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



तिफण म्हणजे काय हे या सभेत कोणास सांगावे लागेल असे वाटत नाही. तीन फण, तीन नळ्या, वर चाडे आणि त्या चाड्यावर मूठ धरून मागून चालणारी घरातील जाणती स्त्री. मूठ सैल पडली की बी दाट पडते, आवळली की तासात नांग्या राहतात.

हेच नाव आता अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेने घेतले आहे. ती एसएई इंडिया ही अभियंत्यांची संस्था भरविते. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळविली की ‘तिफण’ होते. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मुलांची यंत्रे प्रत्यक्ष मातीत उतरली आहेत. कधी कांदा काढण्याचे यंत्र, कधी भाजीपाल्याची रोपे लावण्याचे. कांदा उपटणे सोपे. पण त्यास मार लागला तर तो चाळीत सडतो. रोपाचे तर त्याहून कठीण. ते मोडू नये, उभे राहावे, एका जागी एकच बसावे. यंत्र जड झाले तर जमीन दाबली जाते, हेही पाहावे लागते.

अमेरिकेत शेती-अभियंत्यांच्या १९०७ साली स्थापन झालेल्या संस्थेतर्फे १९९८ पासून अशीच स्पर्धा होते. तीत विद्यार्थी लहान आकाराचा ट्रॅक्टर स्वतः बांधतात. कॅनडातील संघही येतात. केवळ ओढण्याची ताकद पाहून तेथे गुण देत नाहीत. असे का केले, हे परीक्षकांसमोर तोंडी व लेखी सिद्ध करावे लागते. मला हे फार आवडले.

कारण मी स्वतः याच्या उलट वागलो आहे. माझ्या वर्गात एक मुलगा वहीच्या मागील पानांवर पाभरीची चित्रे काढीत असे. मी त्यास बाकावर उभे केले. आपले मंडळही गुणपत्रिका पाहूनच बक्षिसे वाटते.

एक शंका मात्र मनातून जात नाही. पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर कांदा लावला तर एकरी अडीच लाखांवर रोपे लागतात. ती कंबर वाकवून लावतात त्या बहुतेक आपल्याच माताभगिनी. यंत्र त्यांची कंबर वाचवील की मजुरी बुडवील? याचे उत्तर त्यांना विचारल्यावाचून देऊ नये.

म्हणून सूचना एवढीच: यंदाच्या शिष्यवृत्तीतून काही रक्कम अशा स्पर्धेत उतरणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या लोखंडासाठी व वेल्डिंगसाठी ठेवावी. अट एक. यंत्र प्रथम पिशोरात, लावणीच्या बायांसमोर चालवून दाखवावे. अद्रक निघाले की माझे वीस गुंठे मोकळे होतील. ते त्यासाठी घ्यावेत.