कापसाची बातमी कोण लिहिणार?



व्यापार व सरकारी धोरण यांवर लिहिणाऱ्या वार्ताहराने मंत्र्यांच्या भाषणावर विसंबू नये. मूळ अधिसूचना वाचावी आणि मग बाजार समितीत जाऊन उभे राहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले. गिरण्यांची सोय झाली, एवढीच बातमी! परंतु महिना संपण्यापूर्वीच ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. आम्हां वकिलांची नजर प्रथम तारखेवर जाते. हिंगणघाटच्या बाजारात नवा कापूस दसऱ्यानंतर येऊ लागतो. म्हणजे परदेशी गाठींची स्पर्धा ऐन आवकेच्या दिवसांत आली.

हमीभाव होता, हे खरे. लांब धाग्यास क्विंटलला ८,११० रुपये. पण भारतीय कापूस निगमाची नोंदणी सातबाऱ्यावर होते. बटईने जमीन वाहणाऱ्या आपल्या बांधवांच्या घरी कापूस असतो, सातबारा मालकाच्या नावे. त्यांनी तो कोणास व काय भावाने विकला, हे कोणते पत्र विचारते? बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो अशा न विचारलेल्या प्रश्नांसाठीच. आज २००५ चा माहिती अधिकार कायदा हाती आहे. अर्जास दहा रुपये लागतात. खरेदी केंद्रनिहाय आकडे आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी मागावेत आणि छापावेत.