पाणी अडवले, आता वाटणीचे बोलू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘पाणी फाउंडेशनच्या कामातील माझे अनुभव’ असा विषय दिला आहे. अनुभव म्हटले की माणूस आपले हात किती सोलले ते सांगत बसतो. हात सगळ्यांचेच सोलले. तुमच्यापैकी अकरा जणी माझ्याबरोबर होत्याच, त्यांना ते पुन्हा ऐकण्याची गरज नाही. म्हणून ती हकिगत थोडक्यात आटोपते आणि त्या कामात एका बाईने मला जो प्रश्न विचारला त्याकडे वळते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगते. आमिर खान आणि किरण राव यांनी २०१६ साली ही संस्था काढली. गावांनी आपल्या श्रमाने पाणी अडवायचे आणि त्यात एकमेकांशी स्पर्धा करायची, अशी कल्पना होती. पहिल्या वर्षी वरूड, आंबेजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. २०१७ साली तीस झाले, त्यांत आपल्या जिल्ह्यातले कारंजे आले. २०१८ साली पंचाहत्तर झाले, त्यांत मंगरूळपीरही आले. ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस काम चाले. गावातून पाच जण प्रशिक्षणाला जात. आमच्या गावच्या पाचांत दोघी बायका होत्या, आणि उतार मोजण्याचे यंत्र त्या दोघींच्याच हाती जास्त शोभले हे मी पक्षपात सोडून सांगते. शहरातल्या माणसांनी ‘जलमित्र’ म्हणून नाव नोंदवून १ मे रोजी श्रमदानाला जायचे. आपले मंडळ गेले ते असे. पापड-कुरडयांच्या विक्रीतून उरलेले पैसे आपण यंत्राच्या डिझेलसाठी दिले, तेही काहींना आठवत असेल. २०१९ नंतर ती स्पर्धा थांबली. पुढे संस्थेने शेतकऱ्यांच्या गटांचे काम हाती घेतले.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. आपण माथ्यावर राहतो. काटेपूर्णा आपल्याकडे उगम पावते आणि अकोल्याकडे उतरते. तिथे महानच्या धरणात तिचे पाणी साठते आणि अकोले शहर ते पिते. पुढे ती पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी पश्चिमेच्या समुद्राला मिळते. अडाण आणि अरुणावती याही आपल्याच, पण त्या पैनगंगेच्या वाटेने गोदावरीला आणि पूर्वेच्या समुद्राला जातात. एकाच जिल्ह्यात पडलेल्या पावसाचे दोन भाऊ दोन दिशांना परागंदा होतात म्हणा ना! पाऊस काही कमी नाही, सरासरीने आठशे मिलिमीटरच्या आसपास आहे. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. वर्षाचे ऐंशी लाख लिटर झाले. पण जमिनीखाली काळा पाषाण. वरचा मुरूम भरला की बाकीचे वाहून जाते, आणि मार्चमध्ये बायका घागरी घेऊन निघतात.

म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे. टेकडीवर समतल चर, ओघळीत दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी नाला. चर एक मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल खणला की त्यात एकशेऐंशी लिटर पाणी मावते. पंधरा लिटरची घागर धरली तर बारा घागरी. चर पावसाळ्यात अनेकदा भरतो आणि मुरतो. हा हिशेब मी शाळेत मुलींना शिकवला असता तर कुणी लक्ष दिले नसते. टेकडीवर मात्र कुदळ टाकून बायका बोटांवर मोजू लागल्या.

ह्या टेकडीखाली, शेलूबाजारच्या वाटेवर, माझ्या सासरचे नऊ एकर वावर आहे आणि त्यात विहीर आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचा प्रश्न मलाच विचारलेला होता. गावात एक मजुरी करणारी बाई आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. दुपारी झाडाखाली भाकरी सोडली तेव्हा मावशी म्हणाल्या, “बाई, माह्या मायनं रोजगार हमीत असेच बांध घातले. तिले हप्त्याच्या हप्त्याले मजुरी भेटे. आता तेच काम फुकट कराचं, अन् पानी जाईन तुमच्या इहिरीत. माह्यापाशी ना वावर, ना इहीर. मंग म्या काहाले घमेलं उचलावं?”

कुणी हसले नाही. एका सुनेने “प्यायले तं भेटन ना मावशी” असे म्हणून पाहिले. मावशी म्हणाल्या, “भेटन कोणाच्या भरवशावर?”

भगिनींनो, ह्या प्रश्नात राग कमी आणि हिशेब जास्त होता. वि. स. पागे यांनी पुढे मांडलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तेव्हा बांध घालणाऱ्या बाईला निदान मजुरी तरी मिळे. श्रमदानात मजुरी नाही. ज्याची जमीन आहे त्याला श्रमदान म्हणजे आपल्याच वावरात गुंतवणूक. ज्याची नाही त्याचा बुडालेला रोज मात्र खरा. एप्रिल-मे महिन्यांत तर कामच कमी, मिळेल तो रोज घरात लागतो. मला वाटते, श्रमदानाची फार वाखाणणी करणाऱ्यांनी आधी हा रोज मोजावा.

ह्या प्रश्नाला महाराष्ट्रात एका माणसाने फार पूर्वी हात घातला होता. पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. ते पुण्याचे कारखानदार होते. त्यांनी पाण्याची वाटणी जमिनीवर न करता माणसांवर केली. घरात माणसे किती, त्यावर माणशी अर्ध्या एकराचे पाणी. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही! उसाची गोष्ट लोक लक्षात ठेवतात, भूमिहीनाच्या वाट्याची विसरतात. साळुंखे २००२ साली वारले. मी ही माहिती एका रविवारी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवली, आणि थोरल्या दिरांनी चष्मा काढून ठेवला, तेव्हा विषय त्यांच्यापर्यंत पोचला हे मी ओळखले.

ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा पुढच्या ओळीतून उत्तर आले, “आधी पाणी तर येऊ द्या!” पाणी आले. आमची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवी, ती त्या वर्षी एप्रिलपर्यंत टिकली. एका पावसाळ्यावरून कामाचे यश सांगू नये, हे मला ठाऊक आहे, पण शेजारच्या तीन विहिरींचेही तसेच झाले. मग दिरांनी दोन गोष्टी कबूल केल्या. मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत सकाळी वीज असेल तेव्हा एक तास मजूर वस्तीला पाइपाने पाणी द्यायचे. आणि विहिरीलगतचे अर्धा एकर वस्तीतल्या सात बायकांच्या बचत गटाला मक्त्याने द्यायचे, त्याच्या पाण्याचे पैसे न घेता, कारण ते पाणी त्यांनी आधीच दिलेल्या श्रमाचे आहे. जाऊबाईंनी सुरुवातीला नाक मुरडले. पुढे गटाच्या मेथीच्या जुड्या शेलूबाजारच्या बाजारात त्याच बसून विकू लागल्या, तेव्हा तो वाद आपोआप मिटला. मावशी त्या सातांपैकी एक. पालक-वांगी ठीक निघाली. श्रीमंत कुणी झाले नाही, पण उन्हाळ्यात पदरी चार पैसे आले.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज उभीच राहिले नसते. २०२१ साली आमच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याने खोल बोअर घेतले आणि संत्र्याची बाग लावली. त्यांचाही दोष म्हणवत नाही. त्यांच्या घरात दोन मुली शिकायच्या आहेत. पण आमची विहीर पुन्हा मार्चमध्ये खाली जाऊ लागली, आणि पाणी कमी पडले तेव्हा पहिली पाळी कुणाची तुटली? आमच्या गव्हाची नव्हे. बचत गटाच्या वाफ्यांची. दिरांचा शब्द खोटा नव्हता, पण शब्द तोंडी होता, आणि वीज आली की मोटार सुरू करणारा गडी आधी मालकाचा बार धरतो.

कायद्याची मदत घ्यावी म्हटले तर ती अर्धीच मिळते. १९९३ च्या कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेता येत नाही. आमची विहीर खाजगी, तिला हे संरक्षण नाही. हिवरे बाजारसारख्या गावाने दर वर्षी पाण्याचा जमाखर्च मांडला आणि बोअरचे पाणी शेतीला वापरायचे नाही असे ठरवले, ते गावाने मिळून ठरवले म्हणून टिकले. आमच्या गावात तसे ठरवायचे तर हातात आकडे हवेत. कुणाची विहीर ऑक्टोबरात किती भरली, मेमध्ये किती उरली, हे आज कुणी लिहून ठेवत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची विहीर कोरडी, असे चालते.

म्हणून मंडळापुढे माझी मागणी आहे. आपण दर १ मे रोजी एक दिवस फावडे मारून यावे, फोटो काढावा आणि परत यावे, ह्यापेक्षा त्या एका गावच्या विहिरी वर्षातून दोनदा मोजण्याचे काम घ्यावे. दिवाळीआधी एकदा आणि मेमध्ये एकदा. एकूण चौदा विहिरी आहेत. दोरी, तिला दगड, टेप आणि वही लागेल. वहीवर गावातल्या दोन बायकांची सही किंवा अंगठा हवा, त्यांतली एक वस्तीतली. ही वही घेऊन ग्रामसभेला बसायचे आणि बचत गटाच्या पाळीचा ठराव लेखी मागायचा. बागवाल्या भाऊंशीही बोलायचे. दिरांनी आपल्या विहिरीपुरते लेखी द्यायचे कबूल केले आहे. मसुदा माझ्याजवळ आहे, वकिलीण असलेल्या आपल्या सभासद ताईंनी तो वाचून द्यावा.

पहिली मोजणी येत्या रविवारी आहे. सकाळी सहाला एस. टी. स्टँडवर जमायचे. मावशींना निरोप गेला आहे. त्यांनी उलट निरोप पाठवला की चहा त्यांच्याकडे, साखर मात्र आपण न्यावी.