बोट लागू नये म्हणून

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँचने जायला साधारण तासभर लागतो. बंदर मागे पडलं, की काहींना बोट लागते. असं का होतं? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, शरीर हलतंय. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. या गोंधळातून मळमळ सुरू होते.

म्हणून लाँचच्या मध्यभागी जागा धरा. पुढच्या टोकापेक्षा तिथे हेलकावे कमी बसतात. मोबाइल खिशात ठेवा. तोंड प्रवासाच्या दिशेला आणि नजर दूर क्षितिजावर असू द्या. डिझेलच्या धुरापासून लांब, मोकळ्या वाऱ्यात बसा. उपाशीपोटी निघू नका; हलकं खा, तळकट टाळा. आल्याचा तुकडा चघळल्यानं अनेकांना बरं वाटतं.

त्रास नेहमीचा असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येऊ शकते, तेव्हा पलीकडे उतरल्यावर गाडी चालवू नका. दुपारी वारा वाढतो. शक्यतो सकाळचीच लाँच पकडा.