उतरण नव्हे, माल



जुने कपडे दुरुस्त करून आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून विकण्याचे दुकान घालावे, असा विचार आपल्यातील काही कुटुंबांनी चालविला आहे. त्यावर वडीलधारी माणसे विचारतात, "ज्या उतरणीतून सुटलो, तिचेच दुकान काय मांडता?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत आणि फुटक्या भांड्यात जेवावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना नीटनेटके, स्वच्छ नेसण्यास सांगितले. असे असता जुन्या वस्त्राला पुन्हा हात लावावा काय?

लावावा, असे माझे मत आहे. उतरण पदरात पडे ती देणाऱ्याच्या मर्जीने, आणि तिच्यापायी किती राबावे याचा हिशेब कधीच मांडला जात नसे. बोहारीण पाहा. ती दारात बसून शर्टाची कॉलर उलटविते, साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधते, आणि मग भांडे द्यावयाचे की नाही ते ठरविते. तिला कोणी दान करीत नाही. आपलाही व्यवहार तसाच असावा. ओळखीच्या घरून फुकट मिळणारे गाठोडे दुकानासाठी घेऊ नका. थोडके का होईना, पैसे देऊन घ्या.

गोधडीची विद्या आपल्या भगिनींच्या हाती आहेच. वापरून मऊ झालेले सुती लुगडे आत घालावे. सिंथेटिक साडी घाम शोषत नाही. कापड धुऊन, उन्हात वाळवून मगच शिवावे. खरी गफलत होते ती किंमत ठरविताना. लुगड्यांचे २०० रुपये, दोऱ्याचे व वरच्या कापडाचे १००, म्हणून गोधडी ५०० ला! मग सहा दिवस ओणवी होऊन जी बाई धावदोरा घालीत होती, तिची मजुरी कोठे गेली? दिवसाला ३०० धरले तरी १८०० होतात. २१०० च्या खाली विकलेल्या प्रत्येक गोधडीत त्या बाईची वेठ आहे. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार बंद केली. ती पाटलाच्या दारात वाईट आणि आपल्या ओसरीवर चांगली, असे कसे म्हणता येईल? एवढा भाव गावात येत नसेल, तर बाळाची दुपटी शिवावीत. दिवस कमी लागतात आणि मजुरी निघते.

भांडवल फार लागत नाही. मुद्रा योजनेतील शिशु कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना नवबौद्धांसाठीही आहेत. मात्र कर्जाचा पैसा घरखर्चात मिसळला की दुकान बुडालेच म्हणून समजा. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगास, दोन व्यवसायास, चौथा अडीअडचणीस. दुकानाच्या गल्ल्याला ही वाटणी अगदी चपखल बसते.

गिऱ्हाईक नाव विचारील, ही धास्ती निराधार नाही. परदेशातून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. दुकानाच्या दारातील जातीचा अटकाव घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने काढला खरा. परंतु आपल्या दुकानात दुसऱ्याला आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून प्रारंभ वस्तीत न करता आठवड्याच्या बाजारात करावा. तेथे गिऱ्हाईक नावाआधी भाव विचारते. पाटीवर मात्र आपलेच नाव घाला. उसन्या आडनावाचे दुकान आपली मुले उद्या कोणत्या तोंडाने चालवतील?

राहिली उधारी. पहिले सहा महिने ती कोणासही देऊ नये, विहारातील स्नेह्यालाही नाही. तो रागावलाच तर त्याच्यापुढे हिशेबाची वही ठेवा.