दगडी घराचा जमाखर्च

(एका अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, एका सार्वजनिक बागेत, जुन्या धाटणीचे एक दगडी घर उभे आहे. 'ओल्ड स्टोन हाउस' हे त्याचे नाव. आज तेथे संग्रहालय आहे आणि वस्तीतील लोकांचे कार्यक्रमही होतात. एका शेतकऱ्याच्या घराने सव्वातीनशे वर्षांत किती रूपे घेतली आणि समाजाने त्यांतली कोणती लक्षात ठेवली, हा आजचा आपला विषय आहे.

हा मुलूख मूळचा लेनापे आदिवासींचा. तेथे १६९९ साली एका डच कुटुंबाने हे घर बांधले. २७ ऑगस्ट १७७६ रोजी ब्रिटिश फौजेने ते ताब्यात घेतले. वॉशिंग्टनच्या सैन्याला माघार घेण्यास अवधी मिळावा म्हणून मेरिलँडच्या सुमारे चारशे शिपायांनी या घरावर पुनःपुन्हा चाल केली. त्यांतील फारच थोडे परतले. त्या बलिदानाने हे शेतघर राष्ट्राच्या इतिहासात जाऊन बसले.

पुढे शहर वाढले, शेते बुजली. रेल्वे आणि जमिनींच्या व्यवहारात पैसा मिळवणाऱ्या धनिकाकडे ही जमीन गेली. १८८३ मध्ये तेथे बेसबॉलचे मैदान झाले आणि घराचा उपयोग खेळाडूंच्या क्लबासाठी होऊ लागला. १८९७ मध्ये घर पाडून मातीखाली गाडले गेले. १९३०नंतरच्या दशकात, महामंदीच्या दिवसांत, मूळचे काही दगड उकरून काढून ते पुन्हा उभारण्यात आले.

अशा घराच्या जमाखर्चात शिपाई आहेत, खेळाडू आहेत, मालक आहेत. परंतु शेत कसणारे हात कोणाचे होते? या किंग्ज परगण्यातील डच शेती गुलामांच्या श्रमावर चालत असे. १७९०च्या जनगणनेत परगण्यातील जवळजवळ एक तृतीयांश माणसे गुलाम होती. ज्या भूमीवर स्वातंत्र्याची लढाई झाली, त्या न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपण्यास १८२७ साल उजाडले. कायदा झाला तरी भिंत शिल्लकच होती. व्यावसायिक बेसबॉलच्या प्रमुख संघांनी काळ्या खेळाडूंना दीर्घकाळ दूर ठेवले. या घरात वावरलेल्या क्लबाचाच पुढे 'ब्रुकलिन डॉजर्स' झाला, आणि त्याच संघातून १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला, तेव्हा ती भिंत प्रथम फुटली.

हा इतिहास आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. निग्रो गुलाम आणि येथील शूद्रातिशूद्र यांच्या दुःखाचे नाते त्यांनी ओळखले होते.

ती दृष्टी आपण आपल्या गावात वापरतो काय? जुना वाडा पाटलाचा म्हणून ओळखला जातो, देशमुखांचा म्हणून दाखवला जातो. त्याचे दगड फोडणारे वडार व पाथरवट, त्या वाड्यावर वेठीस राबलेले महार-मांग यांचा उल्लेख कोणत्या फलकावर आढळतो? वाडा पुढे शाळा होवो, कचेरी होवो की पर्यटकांचे निवासस्थान होवो, ही नोंद कोरीच राहते.

ब्रुकलिनचे घर मातीतून वर आले, कारण समाजाने ते वर काढण्याचे ठरवले. श्रमिकांची स्मृतीही तशीच ठरवून वर काढावी लागेल. जुनी दप्तरे धुंडाळा, गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांना बोलते करा आणि ते लिहून ठेवा. वास्तूचे जतन करणाऱ्या प्रत्येक सरकारी योजनेपुढे आपली मागणी एकच असावी: मालकाच्या नावाशेजारी राबणाऱ्यांचीही नोंद झाली पाहिजे.