दूरचा वर्ग आणि एकटा शिक्षक
[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

महाविद्यालयांतील प्राध्यापकांना दुरून शिकवावें लागलें तर त्यांना कोणतें साह्य द्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी मॅट्रिक झालेला आणि सारा जन्म मास्तरकींत घालवून निवृत्त झालेला मनुष्य. प्राध्यापकांविषयीं बोलण्याचा अधिकार मला कोठून आला, असें कोणी विचारील. माझें उत्तर एवढेंच कीं, समोर मुलें असतांना शिकविणें आणि समोर कोणी नसतांना शिकविणें ह्यांतील अंतर मास्तराला जितकें कळतें, तितकें यंत्रें विकणाराला कळत नाहीं. शिवाय ह्या क्षणीं मी स्वतःच तें करीत आहें. आपण ऐकतां आहां कीं पानें मांडतां आहां, हें मला दिसत नाहीं. वर्गांत मुलाच्या कपाळावर आठी दिसली कीं मी तेंच वाक्य निराळ्या शब्दांत सांगत असें. ती सोय येथें नाहीं. दूरशिक्षणाची सारी अडचण ह्या एका आठींत आहे.

मी ज्या प्रदेशाविषयीं बोलणार आहें तो चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन अरण्यमय जिल्ह्यांचा. १९८२ सालच्या ऑगस्टांत जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला. येथलीं महाविद्यालयें पूर्वीं नागपूर विद्यापीठाकडे होतीं. २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें आणि हे दोन जिल्हे त्याच्याकडे आले. विद्यापीठ जवळ आलें खरें. परंतु ‘जवळ’ हा शब्द येथें जपून वापरावा लागतो. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारें २०० किलोमीटर आहे. जिल्ह्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि २०११ सालच्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे चौरस किलोमीटरास सुमारें ७४ माणसें. त्याच शिरगणतींत महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. वस्ती विरळ, म्हणून मोबाइलचे मनोरे विरळ. मनोरे विरळ, म्हणून ज्याला आपण सारे रेंज म्हणतों ती कोठें आहे, कोठें नाहीं. पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागड अनेकदां जगापासून तुटलें आहे. अशा ठिकाणीं दुरून शिकविणें ही हौस नव्हे, गरज आहे. आणि जेथें गरज सर्वांत मोठी तेथेंच साधन सर्वांत अपुरें, हा पेंच आहे.

२०२० सालच्या मार्चांत महामारीमुळें देशांतील महाविद्यालयें बंद झालीं. मधला थोडा अवधि वगळतां दीड वर्षाहून अधिक काळ वर्ग भरले नाहींत. प्राध्यापकांना सांगण्यांत आलें, आतां ऑनलाइन शिकवा. कसें शिकवावें हें सांगणारा मात्र बहुतेकांच्या जवळ कोणी नव्हता. माझ्या ओळखीचे एक तरुण प्राध्यापक एका तालुक्याच्या गांवीं इतिहास शिकवीत. त्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर होती. म्हणजे तास घेतला तर वेतन, न घेतला तर नाहीं. ते रात्रीं अकरानंतर, घरांतील माणसें निजल्यावर, मोबाइल डब्यांवर टेकवून पाऊण तासाचें व्याख्यान ध्वनिचित्रित करीत. मग पहांटे रेंज असलेल्या जागीं जाऊन तें धाडीत. वर्गांत साठांवर मुलें. त्यांतल्या दहाबारांपर्यंत तें पोंचे. एकदां त्यांनीं मला विचारलें, “गुरुजी, माझें शिकवणें वाईट आहे, म्हणून का मुलें ऐकत नाहींत?”

मीं त्यांचें व्याख्यान ऐकलें. तें वाईट नव्हतें. वर्गांत तें उत्तम ठरलें असतें. दोष त्यांचा नव्हता. जें काम अनेकांनीं मिळून करावयाचें, तें एका माणसावर एका रात्रींत टाकलें गेलें होतें.

हें मी कशावरून म्हणतों? दुरून शिकविण्याची विद्या कांहीं २०२० सालीं जन्मली नाहीं. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें आणि आयझॅक पिटमन ह्यांनीं टपालानें लघुलिपि शिकविण्यास आरंभ केला. शिष्य धडा लिहून धाडी, तो दुरुस्त होऊन परत येई. त्या शिक्षणाचा जीव त्या परत येणाऱ्या कागदांत होता. पुढें १९६९ सालीं तेथें मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्या नभोवाणीच्या आणि दूरचित्रवाणीच्या पाठांचा बोलबाला फार झाला. परंतु त्याचा पाया होता तो उत्तरपत्रिका तपासून समासांत विस्तारानें शेरे लिहिणाऱ्या शिक्षकांचा. एकेक अभ्यासक्रम तेथें मंडळ तयार करी. विषय जाणणारा एक, भाषा सोपी करणारा दुसरा, स्वाध्याय रचणारा तिसरा, ध्वनिमुद्रण करणारा चौथा.

आपल्याकडे १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरु. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हें त्याचें ब्रीद. त्यांनींही विद्यार्थ्यानें एकट्यानें वाचून समजावीं अशीं पुस्तकें मुद्दाम लिहवून घेतलीं आणि गांवोगांवीं अभ्यासकेंद्रें काढलीं. अनेक वर्षें अनेक हातांनीं केलेलें असें हें काम. आणि महामारींत तेंच काम, त्याच विषयाच्या प्राध्यापकानें, डब्यांवर मोबाइल टेकवून, एकट्यानें करावें अशी अपेक्षा होती!

मग साह्य म्हणजे काय? यंत्र देणें म्हणजे साह्य देणें, अशी आपली समजूत झाली आहे. ती चूक कशी आहे हें मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचें उदाहरण दाखवील. २००९ सालीं केंद्र सरकारनें संगणक आणि दळणवळण ह्यांच्या द्वारां शिक्षणाचें राष्ट्रीय अभियान काढलें. त्याखालीं ह्या संस्थेंत डॉ. दीपक फाटक ह्यांच्या पुढाकारानें देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हजारों शिक्षकांचे वर्ग दुरून घेण्यांत आले. व्याख्यान मुंबईहून होई. ऐकणारे आपापल्या प्रांतांतील केंद्रांवर जमत. परंतु माझ्या मतें त्या योजनेचें मर्म निराळेंच होतें. मुख्य वर्गाच्या आधीं प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला मुंबईस बोलावून तयार करीत. व्याख्यान दुरून आलें, तरी शंका विचारण्यास आणि हाताला धरून प्रात्यक्षिक करून दाखविण्यास एक माणूस त्या खोलींत हजर असे. दुरून शिकविण्यांतही जवळचा माणूस लागतो, हा त्यांतला धडा आहे.

तेव्हां पहिलें साह्य तें हें. दर महाविद्यालयास नाहीं तर निदान दर तालुक्यास एक असा प्राध्यापक असावा, जो आधीं स्वतः शिकला आहे आणि ज्याला इतरांना शिकविण्यासाठीं आठवड्यांतले कांहीं तास मोकळे दिले आहेत. अहेरीच्या प्राध्यापिकेचें काम अडलें तर तिनें गडचिरोलीस अर्ज करून वाट पाहूं नये. शेजारच्या खोलींत जाऊन विचारावें.

दुसरें साह्य रीतीचें. पाऊण तासाचें व्याख्यान जसेंच्या तसें यंत्रांत भरणें म्हणजे दुरून शिकविणें नव्हे. त्याच मुंबईच्या संस्थेंतील श्रीधर अय्यर आणि सहाना मूर्ति ह्यांनीं प्राध्यापकांना एक साधी रीत शिकविली आहे. पाठ थोड्या मिनिटांचा ठेवावा; मध्येंच थांबून विद्यार्थ्याला प्रश्न विचारावा आणि सांगावें, ‘येथें थांब, उत्तर वहींत लिही, मग पुढें ऐक.’ पुढें त्या उत्तराची चर्चा करावी. श्रोतेहो, ही चांगल्या मास्तराचीच जुनी रीत आहे. कपाळावरची आठी दिसत नाहीं, म्हणून ती कोठें पडेल हें आधींच ताडून तेथें थांबावयाचें. हें एकदां कोणीं समजावून दिलें तर कोणताही प्राध्यापक करूं शकेल. परंतु तें समजावून द्यावें लागतें.

तिसरें साह्य हिशेबाचें. साधा व्हिडिओ सेकंदास दहा लक्ष बिटांच्या वेगानें पाठविला, तर तासास सुमारें ४५० मेगाबाइट खर्च होतात. नुसता आवाज सेकंदास ३२ हजार बिटांत स्वच्छ ऐकूं येतो. त्यास तासाला १४ मेगाबाइटांहून थोडे अधिक लागतात. म्हणजे एका तासाच्या व्हिडिओच्या खर्चांत तीस तासांहून अधिक वेळ शिक्षकाचा आवाज पोंचतो. दहा मिनिटांचा ध्वनिपाठ आठवडी बाजाराच्या दिवशीं रेंजमध्यें आलेल्या मुलीच्या मोबाइलांत क्षणांत उतरेल आणि घरीं नेऊन ती तो चार वेळां ऐकूं शकेल. त्याच्या जोडीला दोन छापील पानें एस. टी.नें धाडावीं. ज्याची रेंज सर्वांत दुबळी त्याला धरून पाठ रचावा. इतरांचें त्यांत नुकसान नाहीं. पण प्राध्यापकाला हें करण्याची मोकळीक हवी. पुष्कळ ठिकाणीं वरून विचारणा होते ती ‘किती व्हिडिओ केले’ अशी. ‘किती मुलांपर्यंत पोंचलें, आणि किती कागद परत आले’ असें विचारलें पाहिजे.

चौथें साह्य भाषेचें. शहरांतील मंडळींना वाटतें, महाराष्ट्र म्हणजे मराठी. पण सिरोंच्याकडे घरांत तेलुगू बोलतात; एटापल्ली-भामरागडकडे माडिया; ठिकठिकाणीं गोंडी; कोरचीकडे छत्तीसगढी; मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूस पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत, तेथें बंगाली; आणि वैनगंगेच्या कांठीं झाडीबोली. पुस्तकी मराठींतला अर्थशास्त्राचा पाठ कानावरून नुसता वाहून जातो. वर्गांत कोणी शेजारचा मुलगा ‘म्हणजे असें’ म्हणून त्याच्या बोलींत सांगतो. दूरच्या वर्गांत तो शेजारी नसतो. प्राध्यापकाला प्रत्येक बोली येणें अशक्य आहे. परंतु वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून अवघड कल्पनांचा खुलासा त्यांच्या बोलींत मुद्रित करून घेणें शक्य आहे. त्या विद्यार्थ्यांना त्याचें मानधन द्यावें.

पांचवें साह्य सर्वांत कमी बोललें जातें. तें वेळेचें आणि वेतनाचें. दहा मिनिटांचा चांगला ध्वनिपाठ तयार करण्यास कित्येक तास लागतात. साठ मुलांचे कागद तपासून त्यांवर शेरे लिहिण्यास त्याहून अधिक. जो शिक्षक तासावर वेतन घेतो, त्याच्या हिशेबांत हे तास धरले जात नसतील, तर आपण त्याला दान मागत आहों. आणि सालोसाल दानावर विद्यालयें चालत नाहींत. ते तरुण प्राध्यापक पुढें शिकविणें सोडून दुसऱ्या धंद्यांत गेले. त्यांच्यासारख्या शिक्षकाला एक प्रदेश मुकतो, त्याची नोंद कोणत्याही वहींत होत नाहीं.

कोणी म्हणतील, महामारी संपली, वर्ग भरूं लागले, आतां ही चर्चा कशाला? त्यांनीं लक्षांत घ्यावें कीं ही गोष्ट सरली नाहीं. २०१७ सालीं ‘स्वयम्’ हें केंद्राचें ऑनलाइन अभ्यासक्रमांचें पीठ सुरू झालें. आणि २०२१ च्या नियमांनीं विद्यापीठ अनुदान आयोगानें एका सत्रांतील अभ्यासक्रमांपैकीं ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून घेण्यास विद्यापीठांना मुभा दिली. गोंडवाना विद्यापीठानेंही ‘विद्यापीठ आपल्या गावांत’ ह्या नांवाचा उपक्रम काढला, तो शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांना गांवांतच पदवीचा अभ्यास करतां यावा म्हणून. लग्न होऊन गेलेली मुलगी, मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामांत घर सोडूं न शकणारा मुलगा, पुरानें अडकलेला वर्ग, ह्यांना दूरचा पाठ नेहमींच लागणार आहे.

दुसरे म्हणतील, ऑनलाइन शिक्षण हें शिक्षणच नव्हे, तें बंद करा. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे तें एवढेंच कीं, उत्तर न येणारें बोलणें म्हणजे शिक्षण नव्हे. पण मग उत्तर येईल अशी तजवीज करावी. रस्ता वाईट आहे म्हणून कोणी चालणें सोडीत नाहीं. रस्ता दुरुस्त करतात.

आपण शहरांतील सुशिक्षित कुटुंबें हें भाषण ऐकत आहां. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी प्राध्यापक आहे, कोणी संगणकाचा जाणकार आहे, कोणी माझ्यासारखा निवृत्त आहे. जाणकारानें आठवड्यांतून एक तास दूरच्या एखाद्या महाविद्यालयांतील शिक्षकाच्या शंकांना द्यावा. निवृत्तानें विद्यार्थ्यांचे कागद तपासून त्यांवर चार ओळी लिहाव्या. आणि ज्यांचा शब्द संस्थांच्या मंडळांत चालतो, त्यांनीं यंत्रांच्या खरेदीचा ठराव पुढें आला कीं एक प्रश्न विचारावा: हें यंत्र वापरणाराच्या शेजारीं कोण बसणार आहे, आणि त्याच्या वेळेचे पैसे कोण देणार आहे? त्याचें उत्तर मिळेपर्यंत ठरावावर सही करूं नये.