‘तुंबाड’ आणि न घाबरलेला प्रेक्षक



राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ त्याने झालेला असूनही, आपल्याकडे त्याला मिळालेला लोकाश्रय बेताचाच होता. आणि तोच चित्रपट १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा मात्र मूळ प्रदर्शनातील उत्पन्नाचा आकडा त्याने काही दिवसांतच मागे टाकला. मधल्या सहा वर्षांत तो घरोघरी, पुष्कळदा मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर, पाहिला गेला होता. त्याची कीर्ती एकाने दुसऱ्यास सांगावी अशा रीतीने पसरली होती. चित्रपट होता तसाच राहिला. बदलला तो प्रेक्षक, आणि आजचा माझा विषयही तोच आहे.

पहिल्या खेपेस ऐकू आलेली मुख्य तक्रार ही होती : भीती वाटली नाही. ही तक्रार अरसिकाची म्हणून फेटाळणे मला मंजूर नाही, कारण ती प्रामाणिक आहे. आपल्या किनाऱ्यावरचा माणूस अज्ञाताला भितो, पण त्या भीतीचा बंदोबस्त कसा करावयाचा हेही त्याला वाडवडिलांपासून ठाऊक असते. गिरा असो, मुंजा असो, वेताळ असो की वेशीवरचा राखणदार असो, प्रत्येकाची हद्द ठरलेली, मान ठरलेला, वहिवाट ठरलेली. कोकणात देवापुढे घालतात ते गाऱ्हाणे म्हणजे तर सरळसरळ फिर्यादच : वादी हजर, प्रतिवादी मोघम, आणि निकालाबद्दल नारळाची हमी. नारळीपौर्णिमेला आपण समुद्राला देतो तो नारळही भक्तीइतकाच व्यवहाराचाही असतो, हे इथल्या, मनोरीच्या, नाखव्यांना मी सांगावयास नको. थोडक्यात, अदृष्टाशी आपला संबंध बहुतांशी दिवाणी स्वरूपाचा आहे.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे अमेरिकन लेखक हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७). त्याच्या कथांतील प्राचीन शक्ती माणसाचा द्वेष करीत नाहीत, कारण माणूस नावाचा प्राणी त्यांच्या खिजगणतीतच नाही. त्यांच्यापुढे गाऱ्हाणे घालावे तर ऐकून घेणारा कोणी नाही. ‘तुंबाड’मधील हस्तर या देवाच्या नावाशी जुळणारे ‘हस्तूर’ हे नाव अॅम्ब्रोज बिअर्स आणि रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनातून लव्हक्राफ्टपर्यंत पोचलेले आहे. पण चित्रपटाचे मराठी मूळ निराळे. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने बर्व्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली, आणि ती त्यांच्या मनातून गेली नाही. धारपांची ‘आजी’ ही कथाही स्टीफन किंगच्या कथेवरून आलेली. म्हणजे मेन प्रांतातली म्हातारी पुण्यामार्गे कोकणातल्या वाड्यात येऊन साखळदंडात बसली! नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून उचललेले, त्यामुळे जगबुडीकाठची खोतकी पाहण्याच्या अपेक्षेने गेलेल्या सुविद्य वाचकांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करवते. मराठी वाड्यातली ही माणसे हिंदी का बोलतात, हा त्यांचा दुसरा आक्षेप. तो मला अजूनही मान्य आहे.

आता चित्रपटातला हस्तरचा प्रसंग जरा जवळून पाहू. पूर्तीच्या देवीचा हा पहिला पुत्र; सोने त्याला मिळाले, अन्न मात्र नाकारले गेले. चित्रपटाचा नायक विनायकराव वाड्यातल्या विहिरीतून दोराने देवीच्या गर्भात उतरतो, भोवती पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो, आणि उपाशी हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून मोहरा झाडून घेतो. पुण्यास परतून मोहरा मोडतो, आणि संपल्या की पुन्हा उतरतो. पाहा, हा पुन्हा व्यवहारच झाला! बर्व्यांनी लव्हक्राफ्टचा निर्विकार देव आणून त्याला आपल्या पद्धतीने नैवेद्याच्या हिशेबात बसविला, आणि म्हणूनच पहिल्या तासात आपला प्रेक्षक भ्याला नाही; तो विनायकरावाच्या कसबावर खूश होता. पुढे मुलगा पांडुरंग शक्कल काढतो, की एकेक मोहरेऐवजी सगळा लंगोटच आणावा आणि त्यासाठी पुष्कळ बाहुल्या न्याव्यात. बाप मान्य करतो. खाली मात्र जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. करारच रद्द होतो. दुसऱ्या खेपेस हा चित्रपट पाहणाऱ्यांना कथा ठाऊक होती. ते बाहुल्या मळल्या जाताना पाहूनच गप्प होत. भीती आधीपासूनच हिशेबात दडलेली होती, ती दिसावयास एक वाचन पुरेसे नव्हते, इतकेच.

अदृष्टाला असे घरगुती करून घेणे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. माइक मिग्नोला यांच्या चित्रकथेवरून गिलेर्मो देल तोरो यांनी २००४ मध्ये ‘हेलबॉय’ काढला. त्यात लव्हक्राफ्टच्या वळणाचे अवाढव्य देव स्फटिकाच्या तुरुंगात बंदिस्त आहेत. पण लोकांना आठवतो तो मांजरे पाळणारा, शिंगे घासून बोथट करणारा तांबडा नायक. विश्व गिळू पाहणाऱ्या देवांची दखल प्रेक्षक घेतो, पण मुक्कामाला जातो तो घरातल्या माणसापाशी. ‘हेलबॉय’च्या बाबतीत मला ही प्रेक्षकाची पळवाट वाटते, ‘तुंबाड’च्या बाबतीत वाटत नाही, कारण तिथे घरातले माणूसच त्या विहिरीचा दोर धरून आहे.

पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाबद्दल, त्या अखंड पावसाबद्दल बोलावयास हवे होते. पण शेवटच्या बोटीची वेळ झाली आहे आणि पलीकडे मार्व्याला जाणाऱ्यांची चुळबुळ मला दिसते आहे. तेव्हा एक विनंती करून थांबतो : ज्यांनी ‘तुंबाड’ पाहिला नसेल त्यांनी आधी धारप वाचावेत, मग तो पाहावा, आणि जमल्यास दोनदा पाहावा. मुलांना बरोबर नेऊ नये. त्याला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे.